आवार कोणाचे?

गेल्या वर्षी एका रात्री आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकाबाहेर रुग्णवाहिका दहा-बारा मिनिटे खोळंबून राहिली. आतल्या वाटेत एका सभासदाची दुसरी मोटार उभी होती. आणि त्याच मोटारीवरून शेजारच्या घराशी सहा महिने अबोला असल्याने त्याला उठवण्यास कोणी चटकन धजेना. रुग्ण सुदैवाने वाचला. दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली : 'यापुढे नियमबाह्य वाहने उचलून नेण्यात येतील.' अनेकांना हायसे वाटले. मला मात्र ती सहकाराच्या पराभवाची कबुली वाटली.

ज्या संस्थेच्या नावातच 'सहकारी' हा शब्द आहे, तिला शेजाऱ्यांमधील तंटा मिटवण्यासाठी ओढगाडी बोलवावी लागावी, हे कशाचे लक्षण? प्रश्न वाहनांच्या संख्येचा आहे तसाच तो मालकीच्या कल्पनेचाही आहे. जो आधी आला त्याची जागा, आणि जो दांडगा त्याची कायमची जागा, हा न्याय आपण मुकाट्याने स्वीकारला आहे.

कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्रात 1963 पासून सदनिका-मालकीचा कायदा आहे. तरीही इमारतीखालची खांबांमधली जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकत राहिले. दहिसरच्या पांचाली संस्थेचा असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे सदनिका 56 होत्या आणि खांबांमधल्या वाहनांच्या जागा 25. अशी जागा, तसेच उघडे आवार, हा सामाईक भाग असून बिल्डरला तो विकता येत नाही, असा निर्णय 31 ऑगस्ट 2010 रोजी झाला. 'आम्ही पैसे मोजले आहेत' असे म्हणणाऱ्यांची तक्रार खरी असेल. पण ती बिल्डरविरुद्ध आहे, शेजाऱ्याविरुद्ध नव्हे.

सामाईक याचा अर्थ सर्वांचे. ज्याच्याकडे वाहन नाही त्याचेही. आवाराची फरसबंदी, दिवे, रखवालदाराचा पगार हे सारे मासिक वर्गणीतून भागते. निवृत्तिवेतनावर जगणारी विधवा ती वर्गणी भरते आणि बसने प्रवास करते. दोन मोटारी बाळगणाऱ्याचे शुल्क नाममात्र असेल, तर त्याच्या सोयीचा काही भार तीच उचलते. अर्थशास्त्रात याला अनुदान म्हणतात. येथे ते गरजवंताकडून सधनाकडे वाहते.

सामाईक संपत्तीचा नाश अटळ आहे, असे गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात त्याला उत्तर दिले आणि 2009 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्वित्झर्लंडमधील एका गावात, हिवाळाभर जितकी गुरे स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तितकीच सामाईक कुरणात सोडायची, असा नियम शतकानुशतके पाळला गेला. आपल्याकडे धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीत शेतकऱ्यांनीच नेमलेला पाटकरी पाण्याची वाटणी करीत असे. तेथे नियम वापरणाऱ्यांनीच केले होते, म्हणून ते टिकले.

आपल्या संस्थांना नियमांचा सांगाडा आयताच मिळालेला आहे. जागांपेक्षा वाहने अधिक असतील तर दरवर्षी सोडत काढावी, अशी तरतूद आदर्श उपविधींत आहे. सोडत ही दरिद्री मंडळींची युक्ती नव्हे. ती समतेची रीत आहे. तिच्या जोडीला सर्वसाधारण सभेने चार गोष्टी ठरवाव्यात. प्रत्येक घराला एक जागा मिळाल्याखेरीज कोणालाही दुसरी देऊ नये आणि दिल्यास तिचे शुल्क चढे असावे. त्या उत्पन्नातून सर्वांची वर्गणी हलकी करावी. अपंग व अतिवृद्ध सभासदांच्या जागा सोडतीबाहेर राखाव्यात. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांची वाट पट्टे मारून मोकळी ठेवावी.

तंटा झालाच तर तिघांची समिती नेमावी. त्यांतील एक जण वाहन नसलेला असावा. प्रथम तोंडी समज, मग लेखी, मग सभेने संमत केलेला दंड, अशा पायऱ्या असाव्यात. तरीही न मिटल्यास 1960 च्या सहकार कायद्याच्या कलम 91 नुसार सहकार न्यायालय आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 ने वाहन हलवण्याचा जो अधिकार दिला आहे, तो गणवेशातील पोलिसाला आणि सार्वजनिक जागेपुरता आहे. व्यवस्थापक समितीने तो आपल्या हाती आहे असे समजू नये.

हा मध्यमवर्गाचा क्षुल्लक प्रश्न म्हणून आपले कार्यकर्ते त्याकडे पाठ फिरवतात. जमिनीच्या फेरवाटपावर तासभर बोलणारा मित्र स्वतःच्या संस्थेच्या वार्षिक सभेला जात नाही, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या त्या सभेचे निर्णय मग चार दांडगे घेतात. सामाईक मालकीवर आपला विश्वास असेल, तर तिची पहिली परीक्षा आपल्या जिन्याखालीच आहे.

आमच्याकडे यंदा सोडत निघाली. त्या दोन घरांतला अबोला अजून सुटलेला नाही. पण दुसऱ्या मोटारीचे शुल्क नियमाने भरले जाते, आणि फाटकापासून जिन्यापर्यंतची वाट रात्री मोकळी असते.