मन नाही म्हणतंय? मग का ते विचारा



मागच्या रविवारी पोहे-जिलेबी झाल्यावर आमच्याकडे बैठक बसली. इंदूरच्या रामबागेतलं आजोबांच्या वेळचं घर बिल्डरला द्यायचं की नाही? पुतण्यानं लॅपटॉपवर सगळा हिशेब मांडला, अगदी चोख. वहिनी एवढंच म्हणाल्या, "माझं मन होत नाहीये." पुतण्या हसला. मला काही हसू आलं नाही.

१९८६ची गोष्ट. मी सियागंज भागातल्या एका शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. धने-हळदीच्या एका व्यापाऱ्याला लिमिट वाढवून हवं होतं. टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीनं करंट रेशो १.३३ लागायचा, त्याचा १.५ होता. स्टॉक स्टेटमेंट दरमहा वेळेवर. गोदामात जाऊन पोती मोजली, बरोबर भरली. तरी परतताना काहीतरी खुपत होतं. काय ते सांगता येईना, म्हणून शिफारस करून मोकळा झालो. वर्षाच्या आत खातं थकलं. वसुलीला गेलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: पोत्यांवर धूळ होती! कागदाप्रमाणे माल दीड महिन्यात फिरायचा, आणि ही पोती मागच्या तपासणीपासून हललीच नव्हती. डोळ्यांनी पाहिलं होतं, मीच त्यांना विचारलं नाही.

म्हणून मनाचंच ऐका, असंही नाही हं. पुढे पापडाच्या धंद्यासाठी कर्ज मागायला आलेल्या एका बाईंना मी "मन होत नाही" म्हणूनच परत पाठवलं. कारण लिहायला बसलो असतो तर काय लिहिलं असतं? एकट्या आल्या, अडखळत बोलल्या. दुसऱ्या शाखेनं कर्ज दिलं. तिथल्या मॅनेजरनं नंतर सांगितलं, एक हप्ता चुकला नाही. त्याची लाज अजून वाटते. व्यापारी मी शेकड्यांनी पाहिले होते, कर्ज मागणाऱ्या बायका मोजून चार. तिथं माझा अनुभव बोलत नव्हता, नुसता पूर्वग्रह होता.

तर पुतण्याला म्हटलं, हसू नकोस, विचार. वहिनी जरा थांबून म्हणाल्या, "तो दर वेळी वेगळाच भागीदार घेऊन येतो. आणि काम होईपर्यंत आम्ही राहायचं कुठं, विचारलं की चहाची तारीफ करतो."

एक्सेलमध्ये भाड्याची ओळच नव्हती. पुतण्यानं ती घातली. भाडं, मुदत आणि भागीदारांची नावं बिल्डरकडे लेखी मागितली आहेत. दहा दिवस झाले, उत्तर नाही.