एमआरआयचं औषध बर्लिनच्या नळात कसं पोहोचलं?

एमआरआय किंवा सीटी स्कॅनच्या आधी कधीकधी शिरेतून एक औषध देतात. त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. एमआरआयसाठी गॅडोलिनियम हा धातू, सीटीसाठी आयोडीन. त्यामुळे रक्तवाहिन्या, गाठी स्क्रीनवर उठून दिसतात. किडनी ठीक असेल तर 24 तासांत बहुतेक औषध लघवीवाटे बाहेर पडतं आणि थेट गटारात जातं.

पुढे त्याचं काय होतं, हे 1996 मध्ये जर्मनीत कळलं. मिशाएल बाऊ आणि पीटर डुल्स्की हे शास्त्रज्ञ नद्यांच्या पाण्यातली रेअर अर्थ मूलद्रव्यं मोजत होते. ही भावंडं निसर्गात ठरलेल्या प्रमाणात सापडतात. पण दाट वस्तीच्या भागातल्या नद्यांत एकट्या गॅडोलिनियमचाच आकडा वर. सर्व्हरच्या ग्राफमध्ये अचानक स्पाइक दिसला की आम्ही थांबतो ना, तसंच. माग एमआरआयपर्यंत पोहोचला. 2019 च्या एका अभ्यासात बर्लिन, म्युनिकसह सहा शहरांच्या नळाच्या पाण्यात, इतकंच काय, फास्ट फूडच्या दुकानांतल्या कोल्ड्रिंकमध्येही ते सापडलं.

मग शुद्धीकरण केंद्र काय करतं? त्याचा दोष नाही. सुटा गॅडोलिनियम विषारी असतो, म्हणून तो एका रेणूच्या पिंजऱ्यात बंद करतात. हा पिंजरा तुटायचा नाही, शरीरात कशाला चिकटायचा नाही, पाण्यात मस्त विरघळणार. केंद्रात मात्र घाण एकतर जीवाणू खातात, नाहीतर ती गाळाला चिकटते. इथे दोन्ही होत नाही. औषधाचं फीचरच गटारात बग ठरतं.

मला जास्त खटकतं ते आयोडीनचं. एका सीटीला साधारण 30 ग्रॅम आयोडीन लागतं. त्यातल्या आयोपॅमिडॉल या औषधाची क्लोरीनशी गाठ पडली की पेशींना घातक अशी नवी संयुगं बनू शकतात, हे 2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं.

म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला स्कॅन टाळू नका हं! नळातला गॅडोलिनियम लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात; एमआरआयच्या एका डोसमध्ये तो साधारण एक ग्रॅम असतो.

आरओसारखं तंत्र हे अडवू शकतं, पण अख्ख्या शहराचं पाणी तसं गाळायला वीज किती लागेल! हॉस्पिटलमध्येच प्लांट बसवावा, तर बरेच पेशंट तासाभरात घरी जातात. रुर नदीकाठच्या मुल्हाइममध्ये यावर एक साधी युक्ती करून पाहिली. स्कॅननंतर पेशंटला लघवीच्या पिशव्या द्यायच्या. आत लघवीचा जेल होतो, पिशवी घरच्या कचऱ्यात टाकायची, आणि तिकडे तो कचरा जाळला जातो. सुरुवातीलाच अडवायचं, मला हे पटतं. फक्त आपल्याकडे ते कॉपी-पेस्ट होणार नाही, कारण आपला बराचसा कचरा जाळला न जाता डेपोत जाऊन पडतो, आणि पावसाळ्यात त्याचं पाणी पुन्हा झिरपतंच.