न सोडलेला बाण

मृगयेस आमच्या शास्त्रकारांनीं व्यसनांत गणलें आहे; मनूनें तर कामज व्यसनांच्या यादींत तिला पहिलेंच स्थान दिलें आहे. म्हणून आमच्या एका वृद्ध स्नेह्यांचा बारा वर्षांचा पणतू अमेरिकेंत शेजाऱ्यांबरोबर हरणाची शिकार पाहावयास गेला, असें नातवाच्या पत्रांत वाचून घरांत काय खळबळ उडाली असेल, हें वाचकांस सांगावयास नकोच. आजीबाईंनीं त्या दिवशीं पत्र पुरतें ऐकूनहि घेतलें नाहीं.

तें पत्र आम्हीं वाचलें. हीं मंडळी विस्कॉन्सिन संस्थानांत राहतात. तेथें १९३४ सालीं धनुर्धरांसाठीं शिकारीचा स्वतंत्र हंगाम ठरवून देण्यांत आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसुमार शिकारीनें व जंगलतोडीनें पांढऱ्या शेपटीचें हें हरीण अमेरिकेच्या कित्येक भागांतून नाहींसें होत चाललें होतें. पुढें कायद्यांनीं त्यास आश्रय मिळाला. आणि आतां पुष्कळ ठिकाणीं तें इतकें वाढलें आहे कीं, रानांतील कोवळीं रोपें त्याच्यापुढें टिकत नाहींत.

चारपांच वर्षांचा जाणता नर गांठणें मात्र सोपें नव्हे. त्यांतहि ऑक्टोबरचा मध्य फार कठीण. उन्हाळ्यांत एकत्र चरणारे नर आतां विभक्त झालेले असतात. शिंगांवरील मखमली कातडें झडून गेलेलें असतें. ओकचीं फळें गळूं लागलीं, म्हणजे हरणें उघडीं शेतें सोडून दाट रानांत शिरतात. माजाचा काळ नोव्हेंबरांत. तोंपर्यंत वृद्ध नर बहुधा संधिप्रकाशांत किंवा रात्रींच हिंडतो. शिकाऱ्याकडून त्याच्याकडे वाऱ्याची एक झुळूक गेली, कीं शेपटीचें पांढरें निशाण उभारून तो दिसेनासा होतो. त्यासाठीं पंधरावीस फूट उंच मचाणावर तासन्‌तास निश्चल बसावें लागतें, आणि सावज वीसपंचवीस वारांच्या आंत यावें लागतें.

त्या सायंकाळीं असा एक नर आला. शेजाऱ्यांनीं धनुष्य ओढलें. परंतु नर उभा राहिला तो झुडपाआड. मान व शिंगें स्पष्ट, छाती मात्र फांद्यांनीं झांकलेली. बाण फुप्फुसांत बसला तरच प्राणी लवकर मरतो. एखाद्या काडीस लागून तो वळला, तर जखमी जनावर रानांत तळमळत फिरतें. शेजाऱ्यांचे हात कांपूं लागले. शेवटीं त्यांनीं प्रत्यंचा हळूच सैल केली. अंधार पडल्यावर मुलानें कारण विचारलें. ते इतकेंच म्हणाले, "मला त्याची छाती दिसली नाहीं."

पत्राचा हा भाग दुसऱ्या दिवशीं आजीबाईंस वाचून दाखविण्यांत आला. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "दशरथानें नुसत्या आवाजावर बाण सोडला, आणि आंधळ्या आईबापांचा श्रावण गेला. ह्यानें डोळ्यांपुढें दिसत असून सोडला नाहीं. जाऊं दे पोराला. पण म्हणावें, पाहावयासच."

शिकारीची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु तीन वर्षें ज्याची वाट पाहिली, तें समोर येऊन ठाकल्यावरहि हात आवरणारा मनुष्य त्या मुलास पाहावयास मिळाला. असे हात आमच्या घरांतील मुलांस आम्ही किती वेळां दाखवितों?