कारण सरकारने द्यावे

दिवाळीच्या तोंडावर नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमध्ये तख्तस्नान होते. भाविक गोदावरीचे पाणी घागरींनी वाहून आणतात, तख्त धुतले जाते आणि परंपरेने जपलेली शस्त्रे घासूनपुसून पुन्हा मांडली जातात. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी याच गोदाकाठी देह ठेवला. शीख बांधवांची किरपाण हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग आहे, असे संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात नमूद आहे. म्हणजे शस्त्राला हक्काचा दर्जा देणे आपल्या संविधानाला अपरिचित नाही. उरलेल्या आपणा सर्वांसाठी मात्र शस्त्र ही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवान्याची, आणि पुष्कळदा मर्जीची, बाब राहिली. यंदाच्या अंकाच्या आरंभी या मर्जीविषयीच बोलायचे आहे, कारण तिची किंमत मराठवाड्याने रक्ताने मोजली आहे.

१८५७ च्या उठावाची धास्ती घेतलेल्या इंग्रज सरकारने १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, शस्त्रांचा कायदा केला आणि हिंदी माणसाच्या हातचे हत्यार परवान्यात अडकवले. हा कायदा राष्ट्रीय चळवळीला कायम अपमानास्पद वाटत आला. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियम व मर्यादा पाळून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला असेल, असे स्पष्ट कलम होते. पुढे १९४८ च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी हा हक्क संविधानात घालावा म्हणून दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. प्रत्येकाने बाजारात जाऊन हवे ते हत्यार बिनदिक्कत विकत घ्यायचे ठरवले तर राज्य चालवायचे कसे, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. तो टाळून पुढे जाता येत नाही. पण कराचीच्या ठरावात नियम आणि मर्यादा होत्याच. हक्क ठेवून नियम करता आले असते. आपण हक्क काढून टाकला आणि नियम तेवढे ठेवले. १९५९ चा शस्त्र अधिनियम त्याच वाटेने आला.

हक्काच्या जागी परवानगी आली की काय होते, हे निजामाच्या हैदराबाद राज्यात राहिलेल्यांना वेगळे सांगावे लागत नसे. १९२९ ची गश्ती निशाण ५३ हे एक साधे परिपत्रक होते. परवानगीवाचून सभा घ्यायची नाही, एवढेच त्याचे सार. तेवढ्यावर निजामाने मराठवाड्याचे तोंड बंद ठेवले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. सभेला परवानगी, संघटनेला परवानगी, शस्त्राला परवानगी, आणि ती देणारा हात एकच. तो हात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र दलाच्या, पाठीवर होता. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या माणसांच्या हाती बंदुका होत्या, आणि गावकऱ्याच्या हाती काठी असली तरी तो गुन्हेगार ठरे. बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ १९४६ साली स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ठार मारले गेले. रझाकारांविरुद्ध लिहिणे हा त्यांचा अपराध. संपादकाच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवायला हवे.

स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील चळवळीने आधी सत्याग्रह केला. तो मार्ग चिरडला गेला तेव्हा सरहद्दीपलीकडे सशस्त्र छावण्या उभ्या राहिल्या. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लढ्यासाठी लुटण्यात आली. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि तो मांडलाही गेला, याचा आम्हाला लुटीपेक्षा अधिक अभिमान वाटतो. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्यानेही लोकांना जाब दिला पाहिजे, हे त्या माणसांना कळत होते.

पण तोच इतिहास पुढे आपली परीक्षा घेतो. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली आणि पारडे फिरले. काल ज्यांना सत्तेची छाया होती ते उघडे पडले आणि सूड घेणाऱ्यांना मोकळीक मिळाली. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून नोंदवले. संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, आणि लातूर शहरात हत्या वीसहून अधिक दिवस चालल्या, असे अहवालात आहे. मरणाऱ्यांत रझाकार नसलेले असंख्य होते. मुक्तिसंग्रामाचा गौरव करताना आपण हे पान चाळून पुढे जातो. ते वाचले पाहिजे, कारण धडा दोन्ही पानांवर एकच आहे. सत्ता ज्याच्यावर मेहेरबान, शस्त्र त्याचे. सत्तेची मेहेरबानी उठली की त्याचे रक्षण करायला कोणी उरत नाही.

तीस वर्षांनी हाच धडा पुन्हा मिळाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना प्राण गमवावे लागले. पोलीस ठाणे दूर, गाव विरोधात, आणि घरात स्वसंरक्षणाचे साधन नाही, अशा माणसाला ‘संरक्षणाची जबाबदारी शासनाची’ हे वाक्य कसे ऐकू येत असेल? १९९५ च्या अत्याचार प्रतिबंधक नियमांनी या प्रश्नाची दखल घेतली. धोक्याच्या भागात इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करण्याची आणि गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने देण्याची तरतूद नियम ३ मध्ये आहे. हा नियम प्रत्येक समाजमंदिराच्या भिंतीवर लावला पाहिजे.

आज परवाना मिळतो कोणाला? बीड जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्रपरवाने आहेत, हे महाराष्ट्राला कळले ते ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यानंतर. मग शंभराहून अधिक परवाने भराभर रद्द झाले. रद्द करण्याजोगे होते तर दिले कसे, आणि देण्याजोगे होते तर एका झटक्यात गेले कसे? दोन्हींचे उत्तर एकच आहे : निकषापेक्षा ओळख मोठी होती. तिकडे किनवट-माहूरच्या पट्ट्यात रानडुकरे आणि रोही उभे पीक तुडवतात, म्हणून शेतकरी माळ्यावर रात्रभर जागल करतो. १९५९ च्या अधिनियमाचे कलम १३ त्याच्याच बाजूचे आहे. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक नागरिकाने मागितली, तर अपात्रतेचे कारण नसल्यास ती द्यावी, अशी त्याची भाषा आहे. कलम १४ प्रमाणे नकाराची कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे. म्हणजे हक्काचे बीज जुन्या कायद्यातही जिवंत आहे. कचेरीत ते रुजू दिले जात नाही.

आणि गोष्ट बंदुकीपाशी थांबत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश नांदेड-लातूरच्या वाचकाला सणासुदीच्या बातमीइतके परिचित आहेत. पाच माणसे जमू नयेत, काठी बाळगू नये, घोषणा देऊ नये. एक पंधरवडा संपतो आणि नवा आदेश निघतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड गुरुद्वारा मंडळावर शासननियुक्त सदस्यांचे बहुमत आणणारा कायद्याचा मसुदा मंत्रिमंडळाने मंजूर केला. शीख समाज रस्त्यावर उतरला तेव्हा तो थांबला. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. संघटना बेकायदेशीर घोषित करण्याचा अधिकार त्याने सरकारच्या हाती दिला. आज तो कोणाविरुद्ध वापरायचा आहे, हे पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी गश्ती निशाण ५३ आठवावी. असा अधिकार एकदा निर्माण झाला की खुर्चीबरोबर तोही पुढच्या माणसाकडे जातो.

आमची भूमिका सरळ आहे. नागरिक स्वतंत्र जन्मतो. सभा, संघटना, शेतमालाचा व्यापार, स्वतःच्या जिवाचे रक्षण, यांपैकी कशासाठीही त्याने हात जोडून परवानगी मागावी, ही रीत परक्या राज्यकर्त्यांनी आणली आणि आपण ती स्वकीयांच्या हाती तशीच सोपवली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्याच्या पायातल्या सरकारी बेड्यांविषयी आयुष्यभर हेच सांगितले. आम्हाला गल्लोगल्ली बंदुका नकोत. ज्याने हिंसा केली, ज्याच्यावर गंभीर गुन्हा सिद्ध झाला, त्याच्या हाती शस्त्र जाऊ नये. मात्र पात्रतेचे निकष सर्वांना सारखे आणि जाहीर असावेत. ते पूर्ण करणाऱ्याला ठरल्या मुदतीत परवाना मिळावा. नकार द्यायचा तर सरकारने पुराव्यासह लेखी कारण द्यावे आणि ते न्यायालयात टिकवून दाखवावे. प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी मंजूर, नामंजूर आणि रद्द परवान्यांची आकडेवारी कारणांसह प्रसिद्ध करावी. जमावबंदीच्या आदेशालाही हाच नियम लावावा : धोका कोणता, कुठे आणि किती दिवस, हे सांगता येत नसेल तर आदेश काढू नये.

हे मागण्यासाठी कोणाला हत्यार उचलावे लागणार नाही. माहितीचा अर्ज, लेखी अपील, ग्रामसभेचा ठराव आणि निर्भय वर्तमानपत्र एवढी साधने आज आपल्या हाती आहेत. निजामाच्या प्रजेकडे ती नव्हती. ती वापरली नाहीत तर दोष सरकारइतकाच आपलाही असेल. या अंकातील लेखक अनेक बाबतीत आमच्याशी आणि एकमेकांशी असहमत आहेत, आणि आम्ही त्यांना मुद्दाम बोलावले आहे. वाचकांनी त्यांच्याशी भांडावे, आमच्याशीही भांडावे, आणि दिवाळी सरताच आपल्या तालुक्याच्या कचेरीत जाऊन अडकलेल्या एका तरी अर्जाचे लेखी कारण मागावे.



— संपादक