दार पोटांत घेणारी भिंत

न्हाणीघराचें दार आंत उघडावें कीं बाहेर, हा प्रश्न घरांत वृद्ध माणसें असलीं म्हणजे केवळ सोयीचा राहत नाहीं. दार आंत उघडणारें असेल व आजोबा घसरून त्याच्याच आड पडले, तर बाहेरच्यांस तें लोटतां येत नाहीं. बाहेर उघडणारें केलें तर अरुंद बोळांत तें येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपाळीं बसतें. अशा ठिकाणीं भिंतीच्या पोटांत सरकणारें दार आम्हांस पसंत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील सधनांच्या दिवाणखान्यांस अशीं दारें असत. आतां आपल्याकडील फ्लॅटांतही तीं दिसूं लागलीं आहेत. मात्र पुष्कळ मंडळी सारें लक्ष दाराकडे देतात आणि भिंतीला विसरतात.

सांगाड्याच्या साध्या भिंतीचीं दोन्हीं अंगें एकाच उभ्या वाशास जखडलेलीं असतात, म्हणून ती ताठ राहते. दारासाठीं पोकळी ठेवली कीं वासा मधून नाहींसा होतो आणि दोन पातळ पापुद्रे उरतात. तयार सांगाड्यांतील पट्ट्या पुष्कळदां पाऊण इंच जाडीच्या असतात. हात टेकतांच भिंत दबते व दार खरडूं लागतें. येथें एक गणित ध्यानांत घ्यावें. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो. पाऊण इंचाच्या जागीं दीड इंचाची पट्टी घातली, तर तो दुप्पट नव्हे, आठपट होतो. दीड इंच इकडे, दीड तिकडे, मध्यें अडीच इंच पोकळी. पट्ट्या फूटफूट अंतरानें, त्यांवर अर्ध्या इंचाचें प्लायवूड, मग बाहेरच्या अंगास जिप्समचे व न्हाणीच्या अंगास सिमेंटचे तक्ते. भिंत सुमारें साडेसात इंचांची होते. तेवढी जागा खुशाल द्यावी. तीन इंचांची काटकसर करून जन्मभर थरथरणारी भिंत पदरीं घेण्यांत आम्हांस शहाणपण दिसत नाहीं.

विटांची भिंत फोडावयाची असल्यास आधीं स्थापत्यविशारदास दाखवावी. अडीच फुटी दारास एकंदर पांच फूट व वर इंचभर मोकळीक लागते. तेवढ्या रुंदीवरील भार तुळईनें पेलला पाहिजे, पट्ट्यांनीं नव्हे. तुळई वांकली कीं तिला टांगलेला रूळही वांकतो. पाणसळ न लावतां रूळ बसविला, तर दार आपण होऊन उघडतें. न्हाणीघरास तें कितपत शोभतें हें सांगावयास नकोच. रूळ पुढें काढतां येईल असाच निवडावा, नाहींतर एका चाकासाठीं भिंत फोडण्याची पाळी येते.

या भिंतींत नळ किंवा विजेची पेटी घालूं नये. पट्ट्यांच्या मध्यें इंचाहून लांब खिळा ठोकला, तर त्याचें टोंक पोकळींत निघतें. कोणीं हौसेनें तसबीर लावावी आणि रात्रीं दार अर्ध्यावर अडावें! पोकळीची हद्द घरांतील सर्वांस दाखवून ठेवावी. वृद्धांच्या आधाराची दांडीही येथें नको, ती समोरच्या विटांच्या भिंतीवर लावावी. कडी मात्र बाहेरूनही नाण्यानें फिरवितां येईल अशी घ्यावी; एरव्हीं दार सरकतें करूनही आजोबा आंतच राहतील.