खडा फेकू नका

परवा नांदुऱ्यात औषधाच्या दुकानात एक तरुण खिशातून डबी काढून दाखवत होता. आत चार-पाच मिलिमीटरचा तपकिरी, काटेरी मुतखडा. "दूध, दही, चुना, सगळं बंद सांगितलंय," म्हणाला. खडा तपासायला दिला का, विचारलं. तसं कुणी सांगितलंच नव्हतं. याचा मला मनस्वी राग येतो.

दूध तोडण्याचा सल्ला कधीच मोडीत निघायला हवा होता. 1993 साली अमेरिकेत 45 हजारांवर पुरुषांच्या पाहणीत दिसलं, की आहारात कॅल्शियम जास्त असणाऱ्यांना मुतखडे कमी होतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच जेवणातल्या ऑक्झलेट या क्षाराला धरतं आणि दोन्ही शौचावाटे जातात. दूध तोडलं, की ऑक्झलेट मोकळं सुटून लघवीत उतरतं.

पूर्णाकाठच्या काळ्या रानात विहीर खणताना चुनखडीचे खडे निघतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलेत. पाण्यात चुना विरघळलेला असतो; ओल उडाली की तो बसतो, पुढच्या पावसात थोडा विरघळतो, पुन्हा बसतो. मुतखड्याची गोष्ट याच वळणाची आहे. लघवी दाट झाली की कॅल्शियम आणि ऑक्झलेटचे स्फटिक धरतात. त्यांना बूड लागतं, तेही सापडलंय: मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर, अस्तराखाली कॅल्शियम फॉस्फेटचे फिकट चट्टे. अलेक्झांडर रँडॉल यांनी 1937 साली ते दाखवले. सगळे नाहीत, पण बरेच खडे त्यांच्यावरच रुजतात. पुढे 2018 साली इलिनॉय विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ ब्रूस फाउक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरम झऱ्यांकाठचे दगड तपासावेत तसे मुतखड्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली घातले. थरावर थर निघाले, आणि बराचसा भाग शरीरातच विरघळून पुन्हा जमलेला दिसला. खडा नुसता वाढतच जातो, ही समजूत तिथे ढासळली. शरीरात मात्र खड्याला अडवणारी एक गोष्ट असते. लघवीत सायट्रेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि स्फटिक होऊ देत नाही. ते कमी पडलं की खड्याचं फावतं.

आता पूर्णाकाठच्या खारपाण्याकडे, म्हणजे आपल्या विहिरींतल्या खाऱ्या पाण्याकडे येतो. आपल्या पट्ट्यात किडनी निकामी होणं आणि मुतखडा यांची सर्रास गल्लत होते. हे दोन वेगळे आजार आहेत. खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम खडा करतं, हे मी मानत नाही. माझं ठाम मत असं, की खरा घात चवीचा आहे. खारं पाणी घशाखाली उतरत नाही, म्हणून मे महिन्यात निंबाखाली बसलेला मजूर दोन घोटांवर दिवस काढतो आणि लघवी पिवळीजर्द होते. इटलीत 1996 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदा खडा झालेल्यांपैकी काहींना रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला लावलं. पाच वर्षांत त्यांच्यात शंभरातल्या 12 जणांना पुन्हा खडा झाला. इतरांत 27 जणांना. गोडं पाणी गावच्या टाकीपर्यंत आणून भागणार नाही, ते वावरात पोचलं पाहिजे.

आणि खडा पडला तर लघवी गाळून तो ठेवा, पृथक्करणाला द्या. जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत ही तपासणी फुकट व्हावी, ही माझी मागणी आहे. युरिक ॲसिडचा खडा लघवीची आम्लता उतरवणाऱ्या औषधानं विरघळवता येतो. ऑक्झलेटच्या खड्यावर तसं औषध अजून नाही. जंतुसंसर्गातून झालेला असेल, तर तो समूळ काढावा लागतो. त्या तरुणाचा यातला कोणता, हे त्या डबीतच होतं.