उभ्या गाडीला धक्का लागला, मालक जवळ नाही. निघून गेलात तर भुर्दंड कुणाला?

देगलूरच्या बाजारपेठेत किंवा बसस्थानकाबाहेर गाडी मागे घेताना उभ्या कारचा बंपर घासतो. मालक आसपास नसतो. चालक उतरतो, ओरखडा बोटानं पुसून बघतो आणि ‘एवढ्यानं काय होतं’ म्हणत निघून जातो. धक्का चुकून लागतो. निघून जाणं मात्र ठरवून होतं.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४ फक्त माणूस जखमी झाला तरच लागू होतं, हा गैरसमज आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी ते लागू होतं. घटनास्थळी पोलिस नसतील, तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्यात माहिती द्यावी लागते. स्वतःच्या विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं. हे टाळल्यास कलम १८७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड ५०० रुपयांपर्यंतच होता.

‘इन्शुरन्स आहे की त्याचा’
हा युक्तिवाद फसवा आहे. पाच वर्षं क्लेम न घेणाऱ्याला ‘नो क्लेम बोनस’ म्हणून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. समजा, हा प्रीमियम ८ हजार आहे आणि त्याला ४ हजारच भरावे लागतात. तुम्ही पाडलेल्या डेंटसाठी त्यानं क्लेम घेतला, तर बोनस वाचवणारं अ‍ॅड-ऑन नसल्यास पुढच्या वर्षी पूर्ण ८ हजार. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीचे एक हजार खिशातून. म्हणजे गाडी नीट लावून गेलेल्या माणसाला पाच हजारांचा फटका.

सीमा ओलांडली म्हणजे सुटलो?
देगलूरच्या रस्त्यांवर एमएच २६ सोबत तेलंगणातल्या टीजी आणि बिदरच्या केए ३८ पासिंगच्या गाड्याही असतात. पण हा केंद्राचा कायदा आहे. तिन्ही राज्यांत तोच चालतो.

मग करायचं काय?
* गाडी बाजूला घ्या, दोन्ही गाड्यांचे नंबर प्लेटसह फोटो काढा.
* आजूबाजूच्या दुकानांत मालकाची चौकशी करा.
* मालक नाहीच सापडला, तर नाव, मोबाईल आणि गाडी नंबर लिहून चिठ्ठी वायपरखाली ठेवा आणि पोलिस ठाण्यात कळवा.
* विम्यातून भरपाई द्यायची असेल, तर कंपनीला विचारल्याशिवाय रकमेचा शब्द देऊ नका.
* आपसात मिटवायचं असेल, तर गॅरेजवाल्याकडून खर्च काढा आणि दिलेली रक्कम तारखेसह लिहून दोघांच्या सह्या घ्या.
* जमाव चढ्या आवाजात पैसे मागू लागला, तर ११२ वर फोन करा.

किरकोळ डेंटसाठी कोर्टाची पायरी सहसा कुणी चढत नाही, पळणाऱ्याचा भरवसा त्यावरच असतो. म्हणूनच इथे कायद्याच्या धाकापेक्षा वायपरखालची चिठ्ठी जास्त कामाची. उद्या तुमचीही गाडी त्याच रस्त्यावर उभी असेल.